मुगाची पिशवी आणि शंभर दिवस

परळ, मुंबई

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एकवीस दिवसांपासून तू 'आयर्न पाम'साठी, म्हणजे आघात करून करून तळवा घट्ट करण्याच्या चिनी साधनेसाठी, खडीच्या पिशवीवर रोज प्रत्येक हाताने तीनशे आघात करतो आहेस, तळव्याची कातडी आता राठ झाली आहे, डिसेंबरच्या शेवटी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विटा फोडून दाखवण्याचे तू कबूल करून बसला आहेस आणि तोवर लोखंडी छर्‍यांच्या पिशवीपर्यंत कसे पोहोचावे हे तुला माझ्याकडून हवे आहे. एवढे सगळे चार पाने भरून लिहिल्यावर, सहीच्या वर, जाता जाता तू एक ओळ लिहिली आहेस की उजव्या हाताच्या करंगळीला रात्री मुंग्या येतात. माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली महत्त्वाची ओळ तेवढीच आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

मी चोवीस वर्षांचा असताना माझ्या शिक्षकांनी मला मुगाची पिशवी दिली आणि पावसाळा संपेपर्यंत तिच्यात काही बदल करायचा नाही असे बजावले. पाचव्या आठवड्यात माझाही तळवा राठ झाला, मुगावर हात पडल्याचे काहीच जाणवेनासे झाले, आणि त्यांना न सांगता मी चाळीच्या खोलीत खडीची दुसरी पिशवी भरली. खालच्या मजल्यावरच्या काकूंना वाटायचे की आमच्याकडे रोज मसाला कुटतात. महिन्याभरात करंगळी आणि तिच्या शेजारच्या अनामिकेची एक बाजू बधिर होऊ लागली. ते घट्ट होण्याचे लक्षण आहे, अशी मीच माझी समजूत घातली आणि आणखी तीन आठवडे मारत राहिलो. मग एका सकाळी सदर्‍याचे बटण लागेना. तिकिटाच्या खिडकीवर सुटे पैसे बोटांतून निसटू लागले. डॉक्टरांनी तपासून हात बाजूला ठेवायला सांगितला आणि त्यानंतर सात महिने मी कशावरही आघात केला नाही. बोटे पूर्ववत झाली, हे माझे नशीब. शिक्षकांना खरे सांगायला त्याहून अधिक धीर लागला.

तेव्हा झाले होते ते असे. तळव्याच्या मनगटाजवळच्या जाड भागात, करंगळीच्या बाजूला, एका लहान हाडाचा आकड्यासारखा उंचवटा असतो आणि त्याला लागूनच करंगळीकडे जाणारा मज्जातंतू व एक धमनी अगदी उथळ जागेतून पुढे जातात. तळव्याच्या त्या भागाने वारंवार ठोकले की मज्जातंतू दुखावतो आणि मुंग्या येतात. धमनी दुखावली तर बोट थंड व पांढरे पडते, थंडीत दुखते, क्वचित रक्ताची गुठळी होते. हातोडीऐवजी तळव्याने ठोकण्याची सवय असलेल्या कारागिरांत हा दुसरा विकार आढळतो आणि वैद्यकात त्याला 'हायपोथेनार हॅमर सिंड्रोम' असे नावच आहे. म्हणून आजपासून पिशवी बंद. या आठवड्यातच हाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखव आणि त्यांना तीनशे आघातांचा आकडा न लाजता सांग.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो. वेग वाढवता येईल का, असे तू विचारतोस, पण हात ही एकच वस्तू आहे असे धरून तू हे विचारतो आहेस. कातडी दोन-तीन आठवड्यांत राठ होते. स्नायू त्यामागून काही आठवड्यांत तयार होतात. कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधणारे पट्टे) यांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते महिन्यांच्या हिशेबाने बदलतात, आणि हाड त्याहून सावकाश. सांध्यांतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, मात्र मारून मजबूत होत नाही. ती झिजते, आणि एकदा झिजली की फारशी भरून येत नाही. मज्जातंतू व रक्तवाहिन्या यांना तर घट्ट होणे ठाऊकच नाही. या सार्‍यांत जी कातडी सर्वांत आधी तयार होते तीच आपल्याला दिसते, आणि आपण तिच्याकडे पाहून बाकीच्यांच्या वतीने निर्णय घेतो. मी फसलो तो इथेच, आणि तुझ्या पत्रातले 'कातडी राठ झाली, म्हणून पुढे सरकलो' हे वाक्य वाचून मला माझेच अक्षर वाचल्यासारखे वाटले.

हाडाचे थोडे सविस्तर सांगतो, कारण सारी साधना शेवटी त्याच्यावर उभी आहे. हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला आणि आजही तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. मात्र हा बदल वरून गिलावा चढवल्यासारखा होत नाही. भार पडलेल्या जागचे जुने हाड काही पेशी आधी कोरून काढतात, त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मग दुसर्‍या पेशी तिथे नवे हाड भरतात आणि त्याला तीन-चार महिने लागतात. मुंबईत राहणार्‍याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी: रस्ता खोदलेला आहे, भरणे चालू आहे, आणि मधल्या काळात त्यावरून वजनी ट्रक नेला तर काय होते ते आपण दर पावसाळ्यात पाहतो. तू तिसर्‍या आठवड्यात आहेस, म्हणजे तुझ्या हातात सध्या खोदकाम झाले आहे आणि भरणे पुरते सुरूही झालेले नाही. हाडाला बारीक तडा जाण्याची भीती याच काळात अधिक असते.

लोहवाळूचा तळवा, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'आयर्न पाम' म्हणतो, त्या साधनेत शंभर दिवसांचा टप्पा सांगितलेला असतो. जुन्या चिनी शिक्षकांपाशी सूक्ष्मदर्शक नव्हते, पण हाड भरून येण्याचा काळ आणि हे शंभर दिवस यांचा मेळ बसतो हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. तू तबला शिकतोस, तेव्हा चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे एकांतातला अखंड रियाज, तुला ठाऊक असेल. चिल्ला पूर्ण केलेला तबलजी उस्ताद झाला असे कोणी म्हणत नाही, तो रियाजाला बसायला लायक झाला असे म्हणतात. शंभर दिवसांचेही तसेच आहे. ते केवळ मुगाचे दिवस आहेत. खडी त्यानंतर, आणि छर्‍यांचा विषय माझ्याकडे दुसरे वर्ष पुरे होण्याआधी निघत नाही.

तीनशे आघातांविषयी माझे मत कठोर आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसून आले आहे की एका बैठकीत काही डझन वेळा भार पडल्यानंतर हाडातील पेशी त्याची दखल घेणे जवळजवळ थांबवतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतरच त्यांची संवेदनक्षमता परत येते. तसे असेल तर तुझे पहिले चाळीस आघात हाडासाठी होते आणि उरलेले दोनशे साठ फक्त सांध्यांना व मज्जातंतूला सोसावे लागले. घामाच्या हिशेबाने साधना मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि व्यायामशाळेतल्या आरशांनी ती वाढवली आहे, पण ते असो.

डॉक्टरांनी परवानगी दिली तर पुढचा क्रम मी सांगतो तसा ठेव. दर दिवसाआड, प्रत्येक हाताने वीस आघात, तेही मुगाच्या पिशवीवर आणि फक्त पसरलेल्या तळव्याने. पिशवी कमरेच्या उंचीच्या भक्कम स्टुलावर ठेवायची, पाय घोडेस्वाराच्या पवित्र्यात रोवायचे, हात खांद्याच्या उंचीपर्यंत न्यायचा आणि सोडून द्यायचा. मारायचे नाही, हाताच्या वजनाला पडू द्यायचे आणि पडताना श्वास सोडायचा. खांद्यात ताठरपणा आला की आघात मनगटात अडकतो, म्हणून पहिले दोन आठवडे मी आकड्यापेक्षा खांद्याकडेच पाहतो. दर आठवड्याला पाच आघात वाढवायचे, चौथ्या आठवड्यात ते निम्म्यावर आणायचे आणि मग पुन्हा चढायचे. पन्नासाच्या वर पहिल्या शंभर दिवसांत जायचे नाही. हे आकडे कोणत्याही ग्रंथातले नाहीत, माझ्या आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या हातांवरून ठरलेले आहेत. परंपरेत तळवा, हाताची पाठ, कड, मनगटाजवळचा भाग आणि बोटांची टोके असे पाच प्रकार सांगतात. तुझ्यासाठी मनगटाजवळचा भाग वर्षभर वर्ज्य, आणि बोटांची टोके कायमची वर्ज्य, कारण 'ना' आणि 'तिरकिट' वाजवणार्‍या बोटांचे सांधे पिशवीवर उधळण्याइतके स्वस्त नाहीत. बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगटाजवळच्या भागाचा दाब देऊन तू तासभर मींड काढलीस तर तोही त्याच जागेवरचा भार आहे. ज्या दिवशी लांब रियाज असेल त्या दिवशी पिशवी नाही.

पुढे जायचे की थांबायचे हे सकाळी ठरवायचे, संध्याकाळी नाही. उठल्यावर मूठ पूर्ण मिटते का, सदर्‍याचे वरचे बटण न पाहता लागते का, लोकलमध्ये वरची कडी धरल्यावर बोटांच्या मुळाशी कळ येते का, एवढे पाहा. कातडीची आग किंवा स्नायूंचे दुखणे दुसर्‍या दिवशी ओसरते. एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या जागी हाड दुखत असेल तर दोन आठवडे सुट्टी, आणि अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या खोलगट भागात दुखत असेल तर थेट डॉक्टर. तिथल्या लहान हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि त्याचा तडा पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही.

पिशवीबद्दल थोडे. जाड कॅनव्हासची दुहेरी शिवण घातलेली पिशवी ताडपत्रीवाल्याकडे शिवून मिळते. मूग निवडून, कडक उन्हात वाळवूनच भरावेत, कारण आपल्या हवेत जून ते सप्टेंबर या काळात ते ओल धरतात, त्यांना बुरशी येते आणि भुंगे लागतात. मारून मारून मुगाचे पीठ होते, पिशवी दगडासारखी घट्ट बसते आणि मूग भरलेले असूनही आपण दगडावर मारत असतो. म्हणून तीन महिन्यांनी मूग बदलायचे. जुने मूग कबुतरांना घालू नकोस, शेजारी भांडायला येतील.

लेपाच्या दारूविषयी तू विचारलेस. 'दित दा जाव' म्हणजे पडझड आणि मार यांवर चोळायची औषधी दारू. तिच्या कृती घराण्यागणिक वेगळ्या आहेत, तरी हिराबोळ, लोबान आणि करडईची फुले त्यांत वारंवार येतात, म्हणजे निम्मा मसाला आपल्या ओळखीचाच. मात्र काही कृतींत बचनाग आणि काजराही पडतो, आणि ही दोन्ही विषे आहेत. घटक न लिहिलेली बाटली ऑनलाइन मागवून ती सोललेल्या कातडीवर चोळायची आणि त्याच हाताने वरणभात कालवायचा, हे मी कोणालाही करू देणार नाही. खात्रीची बाटली मिळाली तर आघातांच्या आधी व नंतर, अखंड कातडीवर, आणि मग साबणाने हात धुऊन. नाही मिळाली तर कोमट तिळाच्या तेलाने दहा मिनिटे चोळणे पुरे. माझा अनुभव असा की गुण बराचसा चोळण्यातच असतो.

राहिले गॅदरिंग. तू पाठवलेल्या छायाचित्रात विटांच्या थप्पीवर उघडा तळवा टाकणारे गू रूझांग हे उत्तर शाओलिन या चिनी युद्धकलेच्या परंपरेतले शिक्षक होते, आणि चीनमधल्या नानजिंग येथे १९२८ साली केंद्रीय युद्धकला संस्था स्थापन झाल्यावर उत्तरेकडचे जे नामवंत दक्षिणेत शिकवायला गेले त्यांत त्यांची गणना होते. त्या छायाचित्रातला क्षण डोळ्याची पापणी लवण्याइतका आहे आणि त्यामागची साधना किशोरवयापासूनची आहे. तुझ्याकडे डिसेंबरपर्यंत शंभर दिवस जेमतेम उरतात आणि त्यांतले पहिले काही हात बरा होण्यात जातील. विटा फोडण्याचे रद्द कर आणि त्याऐवजी तू वर्षभर शिकलेला हातपवित्र्यांचा क्रम सादर कर. तो तुला चांगला येतो, फक्त शेवटच्या वळणावर डावा पाय हलका पडतो. आयोजकांना सांगायला संकोच वाटत असेल तर माझे नाव पुढे कर, म्हातार्‍याने परवानगी दिली नाही म्हणावे.

डॉक्टरांनी काय सांगितले ते फोनवर कळव. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या गच्चीवर ये, येताना खडीची पिशवी घेऊन ये आणि ती माझ्याकडे ठेवून जा. मुगाची पिशवी मी भरून ठेवतो; डावा पाय आपण त्या दिवशीच पाहू.

तुझा,
सर