फ्रेम तुम्ही कापली, पण कायद्यापुढे गाडी अजून मामांचीच आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 23, सातारा जिल्हा. मामांकडून 2012 ची बुलेट घेतली, पैसे दिले पण आरसी अजून मामांच्याच नावावर. दोनशे अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणलंय, तीनेक महिने घरी पत्र्यावर नि पाइपवर हात बसवतायत आणि आता बुलेटची हार्डटेल बॉबर (मागचं सस्पेन्शन काढून साधी-सुटसुटीत केलेली बाइक) करायची आहे. फ्रेमचा मागचा भाग कापून झालाय, नेकला (फ्रेमचा हँडलजवळचा पुढचा भाग, चेसिस नंबर त्यावरच असतो) अजून हात लावलेला नाही. एक मित्र म्हणतो की पूर्ण नवीन फ्रेम बनव आणि जुन्या नेकवरचा चेसिस नंबरचा तुकडा कापून त्यावर जोड. दुसऱ्या मित्राने स्वतःच्या गाडीसाठी दहा हजार ॲडव्हान्सही दिलाय. विचारतायत, "नवशिक्याने फ्रेम वेल्ड करणं बेकायदेशीर आहे का, की सर्टिफिकेटवाल्या वेल्डरकडून केलं तर चालतं?"

तर वेल्डिंग करणं अजिबात बेकायदेशीर नाही, घरात बसून गेट बनवा, स्टूल बनवा, कोणी विचारणार नाही. आणि गंमत म्हणजे फ्रेमच्या बाबतीत पहिला प्रश्न वेल्डरच्या हाताचा नाहीच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 एवढंच म्हणतं की कंपनीने मुळात जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. बदल म्हणजे काय तेही तिथेच दिलंय, गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचं मूळ स्वरूप बदलतं. मागचे शॉकॲब्सॉर्बर नि स्विंगआर्म (मागचं चाक धरून वरखाली हलणारा दांडा) काढून तिथे सरळ पाइप जोडणं हे रचना बदलणं नाही तर काय. मग तो टाका तुम्ही मारा, आयटीआय झालेला मारो की वीस वर्षं बॉयलरवर काम केलेला मारो, कलम तेच. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळमधून आलेल्या एका केसमध्ये हे आणखी घट्ट केलं, निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येणार नाही. सीएनजी किट, दिव्यांगांसाठी गाडीत करायचे बदल, आरटीओच्या परवानगीने त्याच मेकचं नि टाइपचं इंजिन बसवणं अशा वाटा कायद्यात आहेत, पण बॉबरसाठी वाट ठेवलेली नाही.

आता मामांचं. या कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी रजिस्टर आहे तो, म्हणजे पैसे तुम्ही दिले, ग्राइंडर तुम्ही फिरवला, पण मालक मामा. कलम 182ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा दोन्ही, आणि ती नोटीस मामांच्या दारात जाणार. अपघात झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यातही तेच, गाडी विकली पण ट्रान्सफर झाली नाही तर कागदावरचाच मालक जबाबदार हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. मामांनी भाच्याला स्वस्तात गाडी दिली आणि त्या बिचाऱ्यांना माहीतही नाही की आपल्या नावावरची गाडी शेडमध्ये अर्धी कापून पडलीये.

नंबरचा तुकडा कापून नवीन फ्रेमवर लावायची जी आयडिया आहे ना, ती कृपा करून डोक्यातूनच काढा, या सगळ्या पत्रात मला खरी भीती त्याचीच वाटली. चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच फिरवले जातात आणि नेकभोवती ग्राइंडरच्या खुणा नि ताजा टाका दिसला की तपासणारा माणूस तुमच्या कलेचं कौतुक करत बसणार नाही, गाडी कुठून आणली इथून सुरुवात होईल. हौसेचं प्रकरण फौजदारीत जायला एवढं पुरतं. गाडीवर कोरलेला नंबर आरसीशी जुळला नाही तर कलम 55 खाली मालकाचं म्हणणं ऐकून रजिस्ट्रेशनच रद्द होतं, ते वेगळंच. अजून नेकला हात लावला नाहीत हे फार चांगलं झालं, तो भाग आहे तसाच ठेवा, घासू नका, रंगही मारू नका.

मग नवशिके असण्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तो गाडी रस्त्यावर आल्यावर नि काही झाल्यावर. हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसतं, म्हणजे प्रत्येक खड्डा नि प्रत्येक गतिरोधक थेट त्या जोडावर येतो. वरून टाका छान दिसतो, ग्राइंडरने घासून पुट्टी-रंग मारला की आरशासारखा, पण आत पेनिट्रेशन झालंय का (टाका धातूत खोलवर उतरलाय का), कडेला अंडरकट म्हणजे खाच राहिलीये का हे नुसत्या डोळ्याला कळत नाही, तुम्हालाही नाही आणि तुमच्या मागे बसणाऱ्याला तर नाहीच. तो जोड सुटून कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा (जुन्या आयपीसीत दोनच होती, 1 जुलै 2024 पासून बदललं). गंभीर दुखापत झाली तर कलम 125, तीन वर्षांपर्यंत. आणि निष्काळजीपणा सिद्ध करायला सरकारी वकिलाला लांब जावं लागणार नाही, तुम्ही पत्रात लिंक दिलीये त्या तुमच्याच रीलवर कॅप्शन आहे "माझं पहिलं वेल्डिंग, तुटलं तर तुटलं". हसू आलं मला, पण कोर्टात कोणी हसणार नाही. नवीन रील टाकणं आता थांबवा.

इन्शुरन्सचं म्हणाल तर, गाडीत असा बदल करून कंपनीला न कळवता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम मागितलात तर तो मिळेल असं धरून चालू नका. थर्ड पार्टीच्या, म्हणजे तुमच्या गाडीने ज्याला इजा झाली त्याच्या बाबतीत अपघात भरपाईचं ट्रिब्युनल बऱ्याच केसेसमध्ये कंपनीला आधी भरायला लावतं आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. मालक कोण ते वर सांगितलंच. अशा भरपाईला वरची मर्यादा नाही, मेलेला माणूस किती कमावत होता त्यावर आकडा जातो.

"सगळे फिरवतात, पोलीस कुठे पकडतात" असंही तुम्ही लिहिलंय. पकडत नाहीत हे खरं आहे, बऱ्याचदा सायलेन्सरवरच थांबतात, त्यावर रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ पाहिले असतीलच. पण अपघात झाला की गाडीची तपासणी होतेच आणि शिवाय तुमची गाडी 2012 ची, पंधरा वर्षं झाली की री-पासिंगला आरटीओच्या इन्स्पेक्टरसमोर उभी करावीच लागते, तिथे मागे स्विंगआर्म नसलेली बुलेट लपवणार कशी?

मित्राच्या ऑर्डरबद्दल तर स्पष्टच सांगतो, घेऊ नका. पैसे घेऊन गाड्यांचं काम करायला लागलात की तो धंदा झाला, आणि या कायद्यातल्या डीलरच्या व्याख्येत गाड्या रिपेअर करण्याच्या धंद्यातला माणूसही येतो, त्याने नियमाबाहेर गाडी बदलली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड किंवा दोन्ही. "स्टँप पेपरवर लिहून घेतो की माझी जबाबदारी नाही" याचा काहीही उपयोग नाही, रस्त्यावरून चालणाऱ्या ज्या माणसाला ती गाडी धडकेल त्याने त्या कागदावर सही केलेली नसते आणि पोलिसांनीही नाही.

मग करायचं काय. माझ्या मते दोनच वाटा आहेत. गाडी रस्त्यावर हवी असेल तर ती कंपनीने बनवली तशीच परत उभी करा, म्हणजे कंपनीची नवीन फ्रेम बिलासकट, आणि फ्रेम बदलली की नंबरचा प्रश्न येतो म्हणून आधी आरटीओला लेखी अर्ज, परवानगी हातात आल्यावरच काम. उलटं करू नका, काम करून मग परवानगी मागायला गेलेले लोक माझ्याकडे येतात आणि त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नसतं. गाडी मूळ रूपात आली की मग फॉर्म 29 नि 30 भरून आरसी तुमच्या नावावर करा.

दुसरी वाट, बॉबरच हवी आहे आणि ती नुसती उभी करून बघायला नि शिकायला हवी आहे. मग ही गाडी रस्त्यावर वापरण्यासारखी राहिली नाही असं मामांनी आरटीओला कळवून मूळ आरसी जमा करायची, कलम 55 मध्ये त्याला चौदा दिवसांची मुदत दिलीये किंवा शक्य तितक्या लवकर. रजिस्ट्रेशन रद्द झालं की हवं ते वेल्ड करा, तोडा, परत जोडा. मात्र चालवायची तर कुंपण असलेल्या स्वतःच्या जागेतच, जिथे लोकांना यायजायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा कायद्याने सार्वजनिक, गावचा पाणंद रस्ताही त्यात आला. बाजा एसएई सारख्या स्पर्धेत इंजिनिअरिंगची पोरं स्वतः फ्रेम वेल्ड करून गाड्या पळवतात ते बंद ट्रॅकवर, आणि गाडी तिथपर्यंत टेम्पोतून जाते. स्वतः बनवलेली फ्रेम कायदेशीर करून रस्त्यावर आणायची तर पुण्याच्या एआरएआय किंवा नगरच्या व्हीआरडीई सारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप म्हणजे नमुना गाडी पास करून घ्यावी लागते, ते एका गाडीसाठी परवडणारं काम नाही.

मला विचाराल तर मी दुसरी वाट धरेन, कारण तुमचा जीव गाडी चालवण्यापेक्षा बनवण्यात जास्त दिसतोय.

कुठलीही वाट धरलीत तरी मामांना आजच फोन करा, सही त्यांचीच लागणार आहे आणि हे त्यांना तुमच्या तोंडून कळलेलं बरं. मित्राचे दहा हजार परत करताना रोख देऊ नका, यूपीआयने पाठवा आणि खाली "ॲडव्हान्स परत, काम घेतलेलं नाही" एवढं टाइप करा.