कक्षा समजून घ्यायला सुरुवात करताय? मग आधी एवढंच

सूत्रांना घाबरून सुरुवात लांबवू नका. आधी डोक्यातलं चित्र नीट बसू दे, गणित मागून येईल.

जवळजवळ सगळ्यांची पहिली चूक: ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं.’ असतं! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जेमतेम ४०० किमी उंचीवर आहे. तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के भरतं. स्थानक सतत पडतच असतं. पण सेकंदाला साडेसात किमीहून जास्त वेगानं ते आडवं धावतं, त्यामुळे ते जेवढं पडतं तेवढीच खालची जमीनही वळलेली असते. हे पटेपर्यंत पुढे जाऊ नका. मला बरेच दिवस लागले होते.

बाकी दोन गोष्टी:

- चित्रांतल्या लांबट कक्षांवर विसंबू नका. पृथ्वीची कक्षा मापात काढली तर वर्तुळच वाटते. खरी लांबट कक्षा बघायची तर सेडनाची (नेपच्यूनपलीकडचा एक छोटा, बर्फाळ खगोलपिंड) बघा. तिला एका फेरीला ११ हजारांच्या आसपास वर्षं लागतात.
- अंतरं स्वतः मांडून बघा. सूर्य ते पृथ्वी १ सेंमी धरा. नेपच्यून ३० सेंमीवर, म्हणजे फूटपट्टीच्या टोकाशी. सेडना सर्वांत दूर जाते तेव्हा ९ मीटरच्या आसपास. आणि ऊर्ट मेघ (सूर्यमालेभोवतीचा बर्फाळ पिंडांचा वेढा; तो अजून कुणी थेट पाहिलेला नाही) बहुधा २० मीटरच्या पुढे सुरू होतो.

लाग्रांज बिंदू, कक्षांमधला अनुनाद, नवव्या ग्रहाचा वाद हे सगळं सध्या बाजूला ठेवा. आधी फूटपट्टी काढा.