आधी पंचांग बघ, मग तिकीट काढ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझी यादी वाचली. कोल्हापूरला दोन दिवस, त्यात सहा हॉटेलं, अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि रात्रीची परतीची गाडी. गावोगावचं खाणं आणि रीतीभाती जवळून बघायच्या आहेत असं लिहिलंयस. त्यामागची ओढ खरी आहे हे मला जाणवलं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. यादीतली हॉटेलं चांगलीच आहेत. पण ही यादी फेब्रुवारीतही चालेल आणि ऑगस्टमध्येही चालेल, हीच मला तिच्यातली उणीव वाटते. आमच्याकडं चुलीवर काय चढणार हे महिना ठरवतो. तेव्हा आधी पंचांग बघ, मग तिकीट काढ.

तुझ्या यादीत पहिलं नाव तांबड्या-पांढऱ्याचं आहे, तिथूनच सुरू करते. हॉटेलात दोन रश्श्यांच्या वाट्या तयार होऊन समोर येतात. घरात त्याआधी अळणी होतं. आलं-लसूण आणि मीठ लावून मटण शिजत ठेवलं की जे पाणी सुटतं ते अळणी, आणि त्याची पहिली वाटी लहान पोरांना किंवा आजारातून उठलेल्याला. मग त्याच पाण्याच्या दोन वाटा होतात. एका पातेल्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध पडतं, तो पांढरा. दुसऱ्यात सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी पडते, तो तांबडा. पांढऱ्याला जोराची उकळी आली तर नारळाचं दूध फुटतं, म्हणून तो होईपर्यंत पातेल्याजवळून कुणी हलत नाही. हे एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून बघ. मग कुठल्याही हॉटेलातला रस्सा तोंडात घातल्यावर त्यात काय घाईघाईनं उरकलंय ते तुला आपोआप कळेल.

आणि घरातलं स्वयंपाकघर मिळालं नाही, तर गल्ली आहे. त्यासाठी आषाढात यायचं. पंचगंगेला पावसाचं नवं पाणी आलं की पेठापेठांतून त्र्यंबोलीची यात्रा निघते. आम्ही तिला टेंबलाई म्हणतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पोरीबाळी डोक्यावर नव्या पाण्याचे कलश घेऊन, पुढं पी-ढबाक वाजत, टेकडीपर्यंत चालत जातात आणि ते पाणी देवीच्या पायरीवर ओततात. ते वाद्य कानावर पडलं की घरात बसवत नाही. परतल्यावर गल्लीत मोठाल्या पातेल्यांत मटण शिजतं आणि घराघरांत वाटलं जातं. पुढं श्रावण लागणार, मग कित्येक घरांत महिनाभर मटण शिजत नाही. त्यामुळं आषाढातल्या त्या जेवणाला जी चव असते ती जानेवारीत कुठून येणार?

नवरात्रात आलीस तर ललिता पंचमीला हीच वाट उलट्या बाजूनं समजून घे. कोल्हासुराला मारल्यानंतर अंबाबाई त्र्यंबोलीला बोलवायला विसरली, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसली, अशी कथा आहे. त्या दिवशी अंबाबाईची पालखी रुसलेल्या मैत्रिणीच्या भेटीला जाते आणि तिथं कोहळा फोडतात. त्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते, तिच्यात शिरू नकोस. कडेला उभी राहा.

तू शाकाहारी आहेस की नाही हे लिहिलं नाहीस. असशील तर मार्गशीर्षात ये. सौंदत्तीच्या रेणुकेची यात्रा करून भाविक परतले की इथल्या ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. डब्यांतून आंबील-घुगऱ्या, भाकरी, वांग्याची भाजी, दहीभात असा नैवेद्य येतो आणि देवळाच्या आसपास जागा मिळेल तिथं माणसं पंगत करून बसतात. झणझणीत म्हणून गाजलेल्या या गावात त्या दिवशी आंबट-गार आंबील प्यायला रांग लागते. हे पाहिलंस की ‘कोल्हापूर म्हणजे तिखट’ एवढ्या एका वाक्यावर तुझं समाधान होणार नाही.

तिखटाचं खरं काम चैत्र-वैशाखात चालतं. उन्हं तापली की वर्षाची चटणी करायची असते. बेडगी रंगाला, संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला. बेडगी कर्नाटकातली, संकेश्वरही सीमेपलीकडं, पण आमच्या चटणीत ती सीमा कुणी मोजत नाही. देठ खुडायला शेजारणी जमतात. धणे, जिरे, तीळ, दगडफूल, हळकुंड असं एकेक वेगळं भाजायचं, खोबरं वेगळं, कांदा वेगळा तळायचा, आणि मग डंकावर, म्हणजे चटणी कांडायच्या यंत्रावर. डंकाच्या दारात सगळ्यांचे डोळे चुरचुरत असतात, तरी ‘आमच्यात लसूण जरा जास्त लागतो’ ही चर्चा काही थांबत नाही. दर घराचं प्रमाण वेगळं आणि ते कागदावर लिहिलेलं नसतं. तयार चटणी बरणीत दाबून वर हिंगाचे खडे ठेवले की वर्षभराची निश्चिंती. मिसळीच्या कटाला, झुणक्याला, वांग्याला, तांबड्याला हीच चटणी लागते. तेव्हा मिसळीच्या दुकानांना पाच-पाच तारे देत फिरण्याआधी एक सकाळ डंकावर घालव.

थंडीत येणार असशील तर गुऱ्हाळ चुकवू नकोस, आणि त्याला अख्खा दिवस दे. माझ्या मते या जिल्ह्यात शिकण्यासारखं त्याहून मोठं काही नाही. चरक्यातून रस काहिलीत येतो, चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडं जळतात. रस तापला की रानभेंडीच्या ठेचलेल्या खोडाचं बुळबुळीत पाणी त्यात घालतात. रसातला गाळ त्याला धरून मळीच्या रूपानं वर येतो आणि झाऱ्यानं काढून टाकतात. मग तासन्‌तास आटवणं. मधेच कुणीतरी काकवी देईल, ती गरम भाकरीबरोबर खा. खरी वेळ येते ती शेवटी. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, वाफेत डोळे बारीक करून बुडबुड्यांकडं बघत असतो. थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी वळून गोळी होते का बघतो. पुन्हा थांबतो. पुन्हा बघतो. आणि एका क्षणी ओरडतो, की काहील उतरलीच पाहिजे. थोडं आधी उतरली तर गूळ बसत नाही, थोडं उशिरा उतरली तर करपून काळा पडतो. थर्मामीटर असलेली गुऱ्हाळंही असतील, पण जुना गुळव्या बोटांवरच विसंबतो. मग वाफ्यात ओतणं, फावड्यानं घोटणं आणि फडक्यात भरून ढेप घालणं. ते घोटणं बघत राहा, रंग डोळ्यांदेखत पालटतो.

त्या गुळाच्या खड्यामागं केवढा कारभार आहे, तेही समजून घे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, गुळाला हक्काचा बाजार मिळाला. पुढं भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, त्याचं पाणी आज उसाला मिळतं. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत, कारण ऊस कारखान्याला घातला की शेतकऱ्याची यातायात वाचते, आणि चुलवाणापुढं राबणारी माणसंही आता मिळत नाहीत. हे ऐकून हळहळ वाटेल. हळहळण्यापेक्षा गुऱ्हाळावरूनच गूळ विकत घे, रंगानं जरा काळपट असला तरी घे. पिवळाधमक दिसावा म्हणून गुळात काय काय घालतात, तेही तिथल्याच माणसाला विचार. तो सांगेल.

गंगावेशीतला दूध कट्टा तुझ्या यादीत आहेच. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. पोटाला कच्च्या दुधाची सवय नसेल तर नुसतं उभं राहून बघ, त्यातही कमीपणा नाही. तालमी आणि १९१२ चं खासबाग मैदान जवळच आहे. पैलवानांच्या गावात दूध एवढं का लागतं हे तिथं वेगळं सांगावं लागत नाही.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. भाऊसिंगजी रोडवरून जाशील तेव्हा गंगाराम कांबळे यांची आठवण काढ. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या या माणसाला पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला पैसे दिले, आणि त्यांनी या रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांचा चहा मागवू लागले, स्वतः प्याले आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावला. आपल्याकडं ‘काय खातात’ या प्रश्नाला ‘कुणाच्या हातचं खातात’ हा प्रश्न कायम चिकटलेला आहे. तू जिथं जाशील तिथं हा दुसरा प्रश्न विसरू नकोस. पंगत बघशील तेव्हा कोण बसलंय, कोण वाढतंय, कोण बाहेर थांबलंय तेही बघ. परंपरेचं कौतुक करताना हे डोळ्याआड करणारी लेखणी मला आवडत नाही, आणि तुझी तशी होऊ नये असं मनापासून वाटतं.

वागण्याबद्दल थोडं. नैवेद्य दाखवेपर्यंत फोटो काढू नकोस. कुणाच्या घरी जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस, हार-तुऱ्याची गरज नाही, पावशेर पेढे पुरतात. कृती विचारताना ‘किती चमचे’ विचारलंस तर समोरची बाई गोंधळेल. त्यापेक्षा ‘मी कांदा चिरू का?’ असं विचार. हातात विळी आली की बोलणं आपसूक सुरू होतं, आणि सासूनं शिकवलेलं, आईचं वेगळं, जाऊबाईंशी कशावरून वाजलं, सगळं त्यात येतं. ‘अजून एक भाकरी’ असा आग्रह होईल. पहिल्यांदा नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा अर्धी घ्यायची. तीन वेळा नाही म्हटलंस तर त्या घरात तुझ्याविषयी जी चर्चा होईल ती मला इथपर्यंत ऐकू येईल.

दुसरा दिवस पन्हाळ्याला ठेवला आहेस. त्याऐवजी एसटीनं गगनबावडा घाटातून वैभववाडीला उतर, असं सुचवते. खिडकीत बस. शहर सोडल्यावर ऊस, मग हळूहळू भात आणि नाचणी. गगनबावडा जिल्ह्यातला सगळ्यात पावसाळी भाग, तिथं ज्वारीला वाव नाही. घाट उतरलीस की सुकं खोबरं मागं पडतं आणि ओला नारळ येतो, चिंचेच्या जागी कोकम येतं. एका तिकिटात वाटण कसं बदलतं ते दिसेल. उलट दिशेला शिरोळकडं गेलीस तर काळी जमीन, नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, आणि तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी. आजऱ्याकडं वळलीस तर घनसाळ तांदळाचा वास. घाटाखालचं वैभववाडी सोडलं तर हे सगळं एकाच जिल्ह्यातलं आहे, म्हणून कोल्हापूरनंतर नाशिक, सोलापूर, खानदेश एका दमात आटपायचा तुझा बेत जरा सैल कर. मी तर म्हणेन, यंदा एवढाच जिल्हा घे आणि तिन्ही ऋतूंत ये.

तारखा ठरल्या की लगेच कळव. आषाढात यायचं असेल तर मंगळवार किंवा शुक्रवार हाताशी ठेव आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला ये. आमच्या गल्लीची वर्गणी आधीच गोळा होते, तुझं नाव त्यात घालून ठेवते. मटण खाणार की नाही तेवढं मात्र लिही, म्हणजे पातेल्याचा अंदाज येतो.

तुझी,
काकू