‘मूल्यमापन’, ‘मूल्यांकन’ आणि ‘तपासणी’

देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारले आहे: आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शाळांनी राबवलेल्या बालस्नेही शाळा उपक्रमावर अहवाल लिहायचा आहे. शीर्षकात ‘मूल्यमापन’ घालावे की ‘मूल्यांकन’? आणि ‘बालस्नेही’ऐवजी ‘बालकेंद्री’ चालेल का?

बाई, ‘मूल्यमापन’च लिहा. दोन्ही शब्द शुद्ध आहेत, पण शाळेत ‘मूल्यमापन’ पक्का रुळला आहे. आकारिक आणि संकलित मूल्यमापन तर पालकांच्याही तोंडी असते. ‘मूल्यांकन’ जास्त ऐकू येतो तो मालमत्तेची किंमत ठरवताना किंवा महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या कामात.

मला खरी काळजी तिसऱ्याच शब्दाची वाटते: ‘तपासणी’. पुष्कळदा अहवालावर नाव मूल्यमापनाचे असते आणि आत निव्वळ तपासणी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलगे व मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान, अडथळ्याविना प्रवेश अशी यादी आहे. ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून ती भरता येते. ती तपासणी झाली, आणि तीही हवीच. पण स्वच्छतागृहाला दिवसभर कुलूप का असते? व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आले की साकवावरून (छोट्या पुलावरून) येणारी पहिलीतली मुले किती दिवस घरी राहतात? उत्तर चुकेल म्हणून कोण गप्प बसते? अशा प्रश्नांच्या मागे लागलात, मुलांना आणि त्यांच्या आयांना विचारलेत, की मूल्यमापन सुरू होते. मूल भीती आणि चिंतेपासून मुक्त असावे, हे त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. रकान्यात खूण करून ते कळत नाही.

शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे, असेही तेच कलम सांगते. तुमच्या भागात मुलांची घरची बोली मालवणी, म्हणून याला फार वजन आहे. ‘माका पाणी व्हया’ (मला पाणी हवे) म्हणणाऱ्या मुलाला आधी ‘नीट बोल’ ऐकावे लागत असेल, तर नळ चालू असला तरी ती शाळा बालस्नेही म्हणवत नाही. अहवालात मुलांची वाक्ये मालवणीतच उतरवा, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका.

‘बालकेंद्री’ मुख्यतः शिकवण्याच्या पद्धतीबद्दल बोलतो; ‘बालस्नेही’त वागणूक, इमारत, वाट सगळे येते. तुमच्या विषयाला तोच योग्य. शब्द जोडून लिहा, ‘बाल स्नेही’ असा तोडू नका. शीर्षक असे चालेल: ‘बालस्नेही शाळा उपक्रमाचे मूल्यमापन’. सोयींची यादी परिशिष्टात, ‘तपासणी’ या नावाखाली द्या.