अंतराळयान ग्रहांच्या प्रतलातून सरळ 'वर' का पाठवत नाहीत?

तुमचं म्हणणं असं की सगळे ग्रह जवळपास एकाच प्रतलात, म्हणजे एकाच सपाट पातळीत फिरतात, मग यान सरळ वर किंवा खाली का धाडू नये? लघुग्रहांचा पट्टाही टळेल.

पट्ट्याचं आधी उरकतो. तो चित्रात दाखवतात तसा खच्चून भरलेला नाही. पायोनियर 10 पासून कितीतरी यानं त्यातून सुखरूप पार झाली आहेत.

खरी अडचण वेगाची. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किमी वेगानं धावते आणि इथून सुटणाऱ्या यानाला तो वेग आयता मिळतो. धावत्या एसटीत चेंडू वर उडवला तरी तो एसटीबरोबर पुढे जातच राहतो, तसं. समजा, यानाला उत्तरेकडे आणखी 30 किमीचा वेग दिला. मूळचा आडवा वेग कायम असल्यामुळे मार्ग 45 अंशच कलतो आणि एकूण वेग होतो 42 किमी. पृथ्वीच्या अंतरावरून सूर्याची पकड सोडायला नेमका एवढाच वेग लागतो! म्हणजे कक्षा कलवायला गेलो आणि यानच हातचं गेलं. बरं, एवढा वेग देणारं रॉकेट आहे कुठे?

म्हणून गुरूच्या गुरुत्वाकर्षणाची मदत घ्यायला गुरूकडे जातात. वर जायचं तर आधी प्रतलातूनच लांब जायचं, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. युलिसिस हे नासा आणि युरोपीय अवकाश संस्थेचं यान, वजन जेमतेम 370 किलो. ऑक्टोबर 1990 मध्ये ते डिस्कव्हरी शटलमधून निघालं. फेब्रुवारी 1992 मध्ये गुरूच्या उत्तर बाजूवरून गेलं आणि गुरूनं त्याला असं दक्षिणेकडे वळवलं की कक्षा सूर्याच्या विषुववृत्ताशी 80 अंशांनी कलली. इंधन जवळजवळ फुकट! 1994 मध्ये ते सूर्याच्या दक्षिण ध्रुवावरून गेलं, 1995 मध्ये उत्तर ध्रुवावरून. सूर्य शांत असताना ध्रुवांकडून येणारा सौरवारा, म्हणजे सूर्यातून सुटणारा कणांचा झोत, सेकंदाला 750 किमीच्या आसपास, विषुववृत्ताकडच्या जवळपास दुप्पट वेगानं वाहतो, हे त्यानं मोजलं. कॅमेरा मात्र त्यावर नव्हताच. इतक्या लांबचा वळसा घालून ध्रुव गाठला आणि एक फोटो नाही!

तो फोटो मार्च 2025 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या सोलर ऑर्बिटर यानानं काढला, सूर्याच्या विषुववृत्ताच्या 17 अंश खालून. पृथ्वीच्या आसपास राहून सात-सव्वासात अंशांपलीकडे डोकावता येत नाही, आपल्या आदित्य-एल1 लाही नाही. सोलर ऑर्बिटर शुक्राची मदत घेतं. शुक्र गुरूपेक्षा फारच हलका, त्यामुळे पुन्हा पुन्हा त्याच्याजवळून जावं लागतं आणि कल हप्त्याहप्त्यानं वाढतो. 2029 पर्यंत तो 33 अंशांवर न्यायचा बेत आहे.

सूर्याचे ध्रुव सोडले तर प्रतलाबाहेर भेट द्यावी असं फारसं काही नाही, हेही खरं. नासाचं व्हॉयेजर 1 यान शनीचा चंद्र टायटन जवळून पाहायला 1980 मध्ये शनीपाशी वाकडी वाट करून गेलं. शनीनं त्याला सुमारे 35 अंशांनी वर भिरकावलं आणि त्यानंतर त्याच्या वाट्याला एकही ग्रह आला नाही. युरेनस आणि नेपच्यून व्हॉयेजर 2 नं पाहिले, कारण ते प्रतलात राहिलं होतं.