कागद घडताना पाहायचा असेल तर

प्रश्न : गिरगावातील आमच्या मोडी वाचन वर्गाचे २२ जण नोव्हेंबरात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला जाणार आहोत. सोबत माहितगार घ्यावा का? वेरूळ आणि दौलताबादही त्याच दिवशी जमेल का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : माहितगार अवश्य घ्यावा, मात्र त्याने इतिहास गाडीतच सांगून संपवावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, आणली आणि त्या सुमारास कागद करणारी घराणी इथे वसली, असे परंपरेने सांगतात. एवढे आधी ठाऊक असले की गावात पोहोचल्यावर सगळे लक्ष कारागिराच्या हातांकडे राहते.

भिजवून कुटलेल्या सुती चिंध्यांचा लगदा हौदातल्या पाण्यात ढवळतात, त्यात साचा बुडवून आडवा वर उचलतात, आणि पाणी निथळण्याच्या दोन-चार क्षणांत कारागीर तो किंचित हलवून तंतू एकमेकांत गुंतवतो. कागदाची जाडी आणि बळकटी तिथेच ठरते. हौदाभोवती २२ जण उभे राहिले तर मागच्यांना पुढच्यांच्या पाठीच दिसतील, म्हणून दोन गट करावेत आणि एक गावात असताना दुसऱ्याने दौलताबादचा किल्ला पाहावा. वेरूळ दुसऱ्या दिवशी ठेवावे. तो मंगळवार नसावा, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. कागजीपुऱ्याला जाल त्या दिवशी तिथे काम चालू असेल ना, हे आधीच विचारून घ्यावे.

आपण मोडी वाचता, तेव्हा घोटाईबद्दल मुद्दाम विचारा. जुन्या पद्धतीत वाळलेल्या कागदाला खळ लावून तो पुन्हा वाळवत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. न घोटलेल्या कागदावर बोरूचे टोक तंतूंत अडते आणि शाई फुटते. हात न उचलता ओढलेली मोडीची ओळ घोटीव कागदावरच धावू शकते. जुनी पत्रे उजेडासमोर धरल्यावर ज्या बारीक समांतर रेषा दिसतात, त्याही साच्यावर अंथरलेल्या काड्यांच्या चटईच्या खुणा असतात. जाताना बोरू आणि शाईची दौत बरोबर न्या, घोटलेला आणि न घोटलेला असे दोन्ही कागद मिळाले तर विकत घ्या, आणि एकच ओळ दोहोंवर तिथेच लिहून पाहा.