वाचकांचे प्रश्न : रोलर स्केटिंगची सुरुवात

या वेळच्या पत्रांमध्ये रोलर स्केटिंग नव्याने शिकू पाहणाऱ्या प्रौढ वाचकांची पत्रे बरीच होती. त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : माझे वय बेचाळीस आहे आणि मी कधीही पायात स्केट्स घातलेले नाहीत. आता सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल का? आणि करायचीच झाली तर चार चाकांचे क्वाड स्केट्स घ्यावेत की एका रांगेतील चाकांचे इनलाइन?

उत्तर : वयाची अडचण शिकण्यात नसून पडण्यात आहे. लहान मूल कमी उंचीवरून, कमी वजनानिशी पडते आणि लगेच उठते. प्रौढ माणसाचे तसे नसते. त्यामुळे तुम्ही मुलांपेक्षा सावकाश शिकावे आणि संरक्षक साधने पहिल्या दिवसापासून वापरावीत, एवढाच याचा अर्थ. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झालेले असेल, चक्कर येण्याचा त्रास असेल किंवा गुडघ्याची जुनी दुखापत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही कोठे स्केटिंग करणार यावर अवलंबून आहे. आजच्या क्वाड स्केट्सची मूळ कल्पना अमेरिकेतील जेम्स प्लिम्टन यांची. त्यांनी १८६३ साली चाकांच्या जोड्या आणि पायाखालची पट्टी यांच्यामध्ये रबराच्या गाद्या बसवल्या. पायाच्या एका कडेवर भार दिला की ती गादी दबते, आस तिरका होतो आणि स्केट त्या दिशेला वळतो. त्याआधीचे स्केट्स सरळ जाण्यात वाकबगार होते, पण त्यांना वळवणे म्हणजे दिव्यच होते. क्वाडचा पाया रुंद असल्यामुळे नुसते उभे राहणे सोपे जाते आणि गुळगुळीत फरशीवर वळणे, मागे जाणे, ठेक्यावर पावले टाकणे यांसाठी तो सोयीचा पडतो. इनलाइन स्केटमध्ये बूट सहसा घोट्याच्या वरपर्यंत आणि ताठ असतो, चाके मोठी असतात आणि त्यामुळे खडबडीत रस्ता व लांबचे अंतर त्याला अधिक मानवते. ‘इनलाइन अवघड, क्वाड सोपे’ असे सरसकट सांगितले जाते, ते मला पटत नाही. पहिला अर्धा तास ते खरे असते. पुढे दोन्हींना सारखाच सराव लागतो.

प्रश्न : काही आठवडे सराव करूनही मी सारखी मागच्या मागे पडते. पुढे तोंडावर आपटू नये म्हणून मी अगदी ताठ उभी राहते, तरीही पाय पुढे निसटतात. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे. ताठ उभे राहणे हेच पाय निसटण्याचे कारण आहे. जमिनीवर तोल गेल्यासारखा वाटला की आपण गुडघे ताणतो आणि खांदे मागे घेतो. ही शरीराची जन्मभराची सवय आहे आणि बुटाखाली न हलणारी जमीन असते तोवर ती उपयोगीही पडते. चाकांवर मात्र खांदे मागे जाताच भार टाचांवर येतो, चाके पुढे पळतात आणि खालचा आधार निघून गेल्यामुळे माणूस पाठीवर किंवा माकडहाडावर आदळतो. पुढे पडण्याच्या भीतीने घेतलेली ही खबरदारीच मागे पाडते. नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हीच एक गोष्ट असते, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

योग्य पवित्रा असा : पावले खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित कमी अंतरावर, गुडघे आणि घोटे दोन्ही वाकलेले, कंबर थोडी मागे व खाली, खांदे गुडघ्यांच्या वर आणि हात पोटासमोर, आपल्याच दृष्टीस पडतील असे. नुसते कमरेत वाकणे म्हणजे गुडघे वाकवणे नव्हे. ही गल्लत फार जण करतात. त्याची खूण बुटातच सापडते. घोटा खरोखर वाकलेला असेल, तर नडगीचा पुढचा भाग बुटाच्या जिभेवर टेकून तिला हलकेच दाबतो. तो दाब जाणवेनासा झाला की समजावे, आपण नकळत पुन्हा ताठ झालो आहोत. भार तळव्याच्या मध्यावर असावा, म्हणजे टाच आणि चवडा दोन्हींखाली जमीन जाणवते. नजर पावलांवर न ठेवता काही पावले पुढे ठेवावी, कारण मान खाली गेली की तिच्यामागोमाग खांदेही जातात.

हा पवित्रा प्रथम हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर, जेथे चाके फिरत नाहीत अशा ठिकाणी, अंगवळणी पाडावा. तेथे गुडघे वाकवून खाली-वर व्हावे, एकेक पाय उचलून क्षणभर थांबावे. मग गुळगुळीत जागेवर यावे, टाचा जवळ आणि चवडे बाहेर अशी पावले ठेवावीत आणि बदकासारखी लहान पावले टाकावीत. ढकलण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला की चाके आपोआप थोडी पुढे सरकतात.

पुढे जोर लावण्याची वेळ येते तेव्हा चालण्याची सवय पुन्हा आडवी येते. चालताना आपण पाय सरळ मागे रेटतो. चाक मात्र मागेही तितकेच सहज फिरते, त्यामुळे तसे रेटून काही हाती लागत नाही; क्वाड स्केट असेल तर पुढचा रबरी टो-स्टॉप फरशीला घासून ‘खर्र’ असा आवाज होतो आणि माणूस अडखळतो. जोर बाजूला, किंचित तिरका लावावा आणि ढकलणारा पाय लगेच शरीराखाली परत आणावा. तो परत येईपर्यंत दुसऱ्या पायावर घसरत राहता आले, भले ते क्षणभरच असो, तर शिकण्यातला अवघड भाग मागे पडला असे समजण्यास हरकत नाही.

पडण्याचाही सराव करावा. तोल जातो आहे असे वाटताच शरीर खाली न्यावे, उंची कमी करावी आणि गुडघ्यांवरच्या पॅडवर उतरावे. मग हात टेकावे लागलेच तर मनगटाला बांधायच्या रिस्ट गार्डच्या ताठ पट्टीवर, बोटे वर उचलून टेकावेत. मागे पडत असाल तर एका कुशीकडे वळून नितंबाच्या मांसल भागावर यावे आणि हनुवटी छातीशी घ्यावी, म्हणजे डोके आपटत नाही. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर यावे, एक पाऊल समोर ठेवावे, त्या गुडघ्यावर दोन्ही हात टेकून वर उठावे. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात धरून उठू नये, कारण तोही बहुधा चाकांवरच असतो.

प्रश्न : पुढे जाता येते, वळताही येते, पण थांबता येत नाही. मी भिंत किंवा कठडा धरून थांबतो. टो-स्टॉप दाबला तर तोंडावर पडेन असे वाटते.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. वेगात असताना दोन्ही पायांचे चवडे टेकवून टो-स्टॉपवर उभे राहू पाहणारा माणूस पुढे फेकला जातो. टो-स्टॉप वापरायचा तो एका पायाचा आणि मागून : सगळा भार पुढच्या वाकलेल्या पायावर ठेवून मागच्या पायाचा रबर जमिनीवर नुसता ओढायचा आणि दाब हळूहळू वाढवायचा.

तरी पहिल्यांदा शिकावे ते पावले फाकवून थांबणे. पाय खांद्यांपेक्षा बरेच रुंद करावेत, गुडघे नेहमीपेक्षा अधिक वाकवावेत, चवडे किंचित आत वळवावेत आणि टाचा बाहेर रेटत राहावे. पाय आपसांत जवळ येऊ पाहतात; त्यांना येऊ न देणे हाच ब्रेक. हे मंद वेगात, मोकळ्या जागी पुनःपुन्हा करावे. गुडघे ताठ ठेवून पाय फाकवले तर मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू दुखावतात, वेग मात्र तसाच राहतो.

त्यानंतर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची पावले करून थांबणे शिकावे. एका पायावर घसरत असताना दुसरा पाय त्याच्या टाचेमागे आडवा धरून चाके जमिनीवर हलकेच घासत न्यायची. येथे जवळजवळ प्रत्येक जण घाईने मागच्या पायावर भार देतो आणि गरकन फिरतो. मागचा पाय ओझे उचलण्यासाठी नाही. पुढच्या एका पायावर निश्चिंत घसरता येत नसेल, तर ही पद्धत तूर्त बाजूला ठेवावी. इनलाइन स्केटला टाचेमागे ब्रेक असेल, तर तो पाय पुढे सरकवून चवडा वर उचलावा. टाचेचा ब्रेक जमिनीला लागतो. काही जण तो ब्रेक दिसायला बरा नाही म्हणून काढून टाकतात. शिकत असताना तसे करणे मला अजिबात योग्य वाटत नाही.

प्रश्न : चाकांवर ‘७८ए’, ‘९५ए’ असे आकडे असतात आणि बेअरिंगवर ‘एबीईसी ७’ किंवा ‘९’. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. चाकावरचा ‘ए’ जोडलेला आकडा कठीणपणाचा आहे. आकडा जितका मोठा तितके चाक कठीण. साधारण ७८ए ते ८२ए ही मऊ चाके बाहेरच्या रस्त्यासाठी असतात. ती बारीक खड्यांचे धक्के पचवतात आणि पकड देतात. ९५ए आणि त्यावरची चाके रिंकच्या, म्हणजे स्केटिंगसाठी खास बांधलेल्या जागेच्या, गुळगुळीत फरशीसाठी. मऊ चाक रिंकवर जड चालते व पाय लवकर थकतात, तर कठीण चाक रस्त्यावर सगळा थरथराट थेट तळव्यापर्यंत पोहोचवते. बाहेरच्या वापरासाठी क्वाडची चाके ६२ ते ६५ मिलिमीटर व्यासाची घेतात, कारण मोठे चाक लहान खड्यावर अडत नाही.

‘एबीईसी’चे १, ३, ५, ७, ९ हे अंक बेअरिंग किती काटेकोर मापात बनवले आहे ते सांगतात; स्केटचा वेग त्यावरून ठरत नाही. नवशिक्याला त्यातला फरक जाणवण्याची शक्यता फारच कमी. चाकावरचे नट मात्र जरूर तपासावेत. नट करकचून आवळला असेल तर बेअरिंग अडकते. चाक मोकळे फिरेल आणि हाताने हलवून पाहिल्यास आसावर जेमतेम जाणवेल इतकीच हालचाल करील, एवढा तो सैल असावा. हाताशी पाना ठेवावा आणि खेळायला उतरण्यापूर्वी सगळी चाके एकदा फिरवून पाहावीत.

प्रश्न : दहा मिनिटांतच तळपाय आखडतात. बूट लहान आहे की माझे पाऊलच सपाट आहे?

उत्तर : दोन्ही शक्य आहे, पण आधी एक साधी गोष्ट पाहा. भीतीपोटी आपण बोटे आवळून बुटाचा तळ पकडू पाहतो आणि तळव्याचे स्नायू आखडतात. बोटे मोकळी सोडून पाहावीत. बुटाची पारख अशी : ताठ उभे असताना बोटांची टोके पुढे हलकेच टेकावीत, गुडघे वाकवताच ती किंचित मागे यावीत आणि टाच जागची उचलली जाऊ नये. नाडी बोटांजवळ सैल, घोट्याशी घट्ट बांधावी. टाच उचलली जात असेल तर जाड मोजे घालून वेळ मारून नेऊ नये. बूट मोठा आहे.

प्रश्न : माझी मुलगी हेल्मेट घालते, पण रिस्ट गार्डना नकार देते. बंदिस्त रिंकवर ते खरोखर आवश्यक आहेत का?

उत्तर : आवश्यक आहेत. पडताना हात पुढे टेकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती जागा पाहून बदलत नाही. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये इनलाइन स्केटिंगमधील दुखापतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मनगटाची दुखापत सर्वाधिक आढळली आणि रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये तिची शक्यता घालणाऱ्यांच्या सुमारे दहापट असल्याचे दिसले. हेल्मेटविषयीही एक सूचना : केवळ सायकलसाठी बनवलेली बरीच हेल्मेटे एका मोठ्या आघातासाठी असतात. स्केटिंगमध्ये मागे पडण्याचा संभव अधिक असल्यामुळे डोक्याची मागची बाजू खालपर्यंत झाकणारे हेल्मेट निवडावे. ‘ईएन १०७८’ या युरोपीय मानकात सायकलबरोबर रोलर स्केट्सचाही समावेश आहे.

प्रश्न : रस्त्यावर कधी उतरावे? आणि पावसात भिजलेल्या स्केट्सचे काय करावे?

उत्तर : आपल्या नेहमीच्या वेगातून, ठरवलेल्या जागी, काहीही न धरता थांबता येऊ लागले की बाहेर पडावे, तेही सपाट आणि वाहने नसलेल्या ठिकाणी. वाटेत भेग किंवा सांधा आला तर एक पाऊल थोडे पुढे ठेवून, गुडघे मऊ ठेवून त्यावरून जावे. दोन्ही पाय एका रेषेत असतील तर दोन्ही एकदमच अडतात. उतार दिसला की त्यावरून चाकांवर जाण्याचा मोह टाळावा आणि कडेच्या गवतावरून चालत उतरावे. ओल्या रस्त्यावर जाऊ नये.

स्केट्स भिजलेच तर ते पिशवीत तसेच ठेवू नयेत. चाके काढून बेअरिंग कोरड्या फडक्याने पुसावीत, हवेशीर जागी पूर्ण वाळू द्यावीत आणि मग प्रत्येकात बेअरिंगच्या तेलाचा एखादा थेंब सोडून हाताने फिरवावीत. फिरवताना खरखर लागत असेल तर आत गंज किंवा कचरा आहे. ते बेअरिंग बदलावे.